काळी चार

मी काळी चार दाबली. आवाज आला नाही.

पुन्हा दाबली. पायाखाली भाता नीट चालत होता, हवा भरत होती, शेजारची पांढरी पाच खणखणीत बोलली. काळी चार गप्प. मग काळी पाच दाबली, तीही गप्प. एक, दोन, तीन, सगळ्या काळ्या गप्प. खालच्या सप्तकात तेच, वरच्या सप्तकात तेच. पांढऱ्या पट्ट्या तेवढ्या शाळेतल्या शहाण्या मुलींसारख्या विचारलं की उत्तर देत होत्या.

"मास्तर, या पेटीला झालंय काय?"

ईश्वरा मास्तर देवळाच्या ओवरीत बसून तंबाखू मळत होते. कारंदगावच्या सिद्धोबाच्या जत्रेत नाटक व्हायचं, त्याला पेटीची साथ दर साल त्यांचीच.

"उंदीर," ते म्हणाले.

"उंदीर काळ्याच पट्ट्या खातात?"

"देवळातलं उंदीर हाईत बाई. त्यास्नी कोण इचारनार?"

माझी अक्का, म्हणजे माझी सख्खी मावशी, पानाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. नाटकाला मी जिथे जाईन तिथे ती आणि तो डबा. "कुंदे," ती म्हणाली, "परतीची यष्टी कधी आहे बघ गं." हे मला नव्हतं, मास्तरांना होतं. मास्तरांनी ऐकलं आणि आणखी थोडा चुना घेतला.

गाण्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. प्रत्येक गळ्याचं एक घर असतं. पेटीच्या ज्या पट्टीवर सा धरला की खाली-वर आरामात हिंडता येतं ती तुमची पट्टी. माझी काळी चार. बाप्यांची त्याहून बरीच खाली. बाईनं बाप्याच्या पट्टीत गायचं म्हणजे वर घ्यावं तर गळा फाटतो आणि खाली घ्यावं तर विहिरीतला बेडूक होतो. आणि जत्रेच्या नाटकाची तेव्हाची रीत अशी, की राजा गावचा आणि राणी बाहेरची. गावातल्या घरंदाज बाया स्टेजवर यायच्या नाहीत, म्हणून मिरज-सांगलीहून आमच्यासारख्या गाणाऱ्या नट्या आणायच्या. ज्याचा मंडप, त्याची पट्टी. दोन सीझन मी अशा गावोगावच्या राजांच्या पट्ट्यांत गायले आणि मिरजेत बोलवा उठली की कुंदा म्हैसाळकरचा आवाज बसला. सव्वीस वर्षांच्या बाईचा!

एरवी मी हेही गिळलं असतं. पण त्या संध्याकाळी पुढच्या खुर्चीत मनोहरपंत देवस्थळी बसणार होते. श्रीरंजन संगीत मंडळीचे मालक. त्यांची नायिका लग्न करून इंदूरला गेली होती आणि पुण्या-मुंबईच्या थिएटरांसाठी त्यांना नवी हवी होती. कारंदगावच्या दादासाहेब खराड्यांचे ते जुने स्नेही, जत्रेचं जेवण चुकवायचे नाहीत. आम्हाला त्यांचा निरोप आला होता, "येतोच आहे तर ऐकतो. एकदा." त्या एकदात मला बेडूक व्हायचं नव्हतं.

मी पेटीची मागची फळी काढली. पट्टीखाली जी पितळी पाती थरथरून आवाज देते तिला आमच्यात सूरच म्हणतात. पांढऱ्यांखालचे सूर जागच्या जागी होते. काळ्यांखालचे खण रिकामे. रिकामे म्हणजे पुसल्यासारखे. ना कुरतडल्याची खूण, ना लेंडी. हा उंदीर असेल तर चांगला कारागीर होता. कोपऱ्यात काहीतरी चमकलं म्हणून बोट घातलं, तर केसांतला चांदीचा आकडा निघाला. वर इवलासा पोपट, आणि एक टोक गळासारखं वाकवलेलं. माझ्याआधी येऊन गेलेल्या कुठल्या तरी नटीचा असेल म्हटलं, पुसला आणि अंबाड्यात खोचला. सापडलेली वस्तू दवंडी पिटून परत करायला मी काही पोलीसपाटील नव्हते.

एवढ्यात दादासाहेब आले.

माणूस भेटला की मनात दोन रकाने पाडायचे, एक जमेचा, एक नावेचा, ही माझी जन्माची खोड. दादासाहेबांच्या जमेला बरंच होतं. सहा फुटी देखणे, दिलदार, पाठांतर चोख, साखर कारखान्याचे डायरेक्टर असून नटीला अगं-तुगं करत नव्हते. नावे एकच रक्कम, पण मोठी: गळा. तो नव्हता असं नाही. पेटीचं बोट सोडून एक पाऊल चालत नव्हता.

"काय कुंदाबाई, सोय झाली न्हवं? पोळ्या येतील आता घरनं."

"सोय उत्तम आहे. दादासाहेब, या काळ्या पट्ट्या..."

"उंदीर," ते ताबडतोब म्हणाले. "सहा वर्षं झाली. मिरजेचा कारागीर बोलवायचा बोलवायचा म्हणतोय, पण अडत न्हाई हो कुठं. माझी पांढरी एक. पांढऱ्यावरच भागतंय सगळं."

"तुमचं भागतंय. माझी काळी चार आहे."

"असू दे की! हितं आल्यावर सगळ्या माझ्याच पट्टीत गातात. गेल्या साली सोलापूरची आलती, ती बी गायली."

"आणि शेवटी भरतवाक्याला भैरवी आहे ना? तुमच्या पट्टीत भैरवीचे कोमल सूर सगळे काळ्यांत येतात."

"गातो की भैरवी. दर साल गातो."

"कशी?"

"काळ्या सोडून."

अक्काला ठसका लागला. काळ्या सोडून भैरवी म्हणजे हिंग, मोहरी, मिरची, मीठ सोडून आमटी. आणि ती आमटी हे गाव सहा वर्षं भुरके मारून खात होतं.

"मी माझ्या पट्टीत गाते," मी म्हटलं. "पेटी नसली तरी चालेल."

दादासाहेब हसले. रागावले असते तर परवडलं असतं. "बाई, पेटी बंद ठेवून माझ्या मंडपात पद होणार न्हाई. देवाची पेटी हाय ती. पटत नसंल तर गाऊ नका, नुसतं गद्य बोला, आमची काय हरकत न्हाई. पण पंत गद्य ऐकाय आल्यात व्हय? आणि आसपासच्या बारा गावांत नाटकं मीच ठरवून देतो, हे तुमास्नी..."

पुढचं ऐकू आलं नाही, कारण कारखान्याचा भोंगा झाला. दुपारची पाळी. जवळच धुराडं होतं, त्यामुळे तो कानात न होता छातीत होई. ओवरीतली सगळी माणसं होती तशी थांबली. मास्तरांचा तळहात तंबाखूसकट तोंडाशी थांबला. दादासाहेब बोट वर करून उभे राहिले. ही तिथली रीत. भोंगा चालू असताना बोलून उपयोग नाही, म्हणून गाव बोलणंच थांबवी. नाटकातही तसंच. दादासाहेबांना डॉक्टरांनी जागरण बंद केल्यापासून नाटक दिवेलागणीलाच उभं राहायचं आणि संध्याकाळच्या पाळीचा भोंगा बरोबर दुसऱ्या अंकात यायचा. राजा तलवार उपसत असला तर अर्धी उपसलेली धरून उभा राहायचा. भोंगा संपला की उरलेली उपसायचा. प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नसे.

भोंगा थांबला. "...ठाऊक असंलच," दादासाहेबांनी वाक्य पुरं केलं आणि निघून गेले.

अक्का माझ्याकडे बघत होती. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"किती?"

"भोंगा काळी चारचा. केसभर चढा."

"मग?"

"मग काय. कारखाना त्यांचाच आहे."

तबल्याला दस्तगीरभाई होते, मिरजेहून आमच्याच यष्टीनं आलेले. मी त्यांना देवळामागे गाठलं.

"दुसऱ्या अंकात हातोडी हाताशी ठेवा."

"का? तबला तर दादासाहेबांच्या पांढरी एकला मिळवलाय."

"तो एक पट्टी वर चढवायचा. काळी एक."

त्यांनी मनात माप लावलं. "म्हणजे तुमच्या काळी चारला मध्यम."

"बरोबर."

"आणि मग दादासाहेबांच्या पदाला काय वाजवू?"

"ते दादासाहेब बघतील."

"बाई, मला हे लोक दर साल बोलावतात."

"मलाही गावोगाव बोलावतात, दस्तगीरभाई. बोलावून बेडूक करतात."

दस्तगीरभाईंनी हातोडी पिशवीतून काढून कमरेला खोचली.

नाटक नळ-दमयंतीचं. दादासाहेब नळ, मी दमयंती. पहिल्या अंकात मला एकच पद होतं. ते मी निमूटपणे पांढरी एकमध्ये म्हटलं. काय सांगू, स्वतःचा आवाज स्वतःला ओळखू येईना. पुढच्या खुर्चीत मनोहरपंतांनी डबी काढून तपकीर ओढली, शेजाऱ्याला काहीतरी विचारलं, आणि हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली. उठायच्या तयारीतला माणूस काठी कशी धरतो ते मला ठाऊक आहे. मंडप खचाखच भरला होता. बाप्ये पुढे, बाया मागच्या बाजूला कनातीपलीकडे. आणि देवळासमोरच्या खराड्यांच्या माडीवर, सज्जाला बारीक कामट्यांचा, चिकाचा पडदा सोडलेला. त्याच्याआडून त्यांच्या घरच्या बायका बघतात, असं अक्कानं विंगेत सांगितलं.

दुसरा अंक. दमयंती अरण्यात एकटी, राजा तिला टाकून गेलेला. ती झाडांना विचारते की माझा राजा पाहिलात का, आणि पद सुरू होतं. ईश्वरा मास्तरांनी सूर दिला. पांढरी एक.

मी घेतला नाही. भोंगा अजून व्हायचा होता.

मी आंब्याला विचारलं. अशोकाला विचारलं. मास्तरांनी पुन्हा सूर दिला. मी वडाला, पिंपळाला आणि साळवणाला विचारलं. झाडं संपली तेव्हा वेली घेतल्या. विंगेतून प्रॉम्प्टर दबक्या आवाजात ओरडला, "बाई, पद! पद!" मी पोपटाला विचारलं, मोराला विचारलं. नाटकात नसलेली वाक्यं मी अशी काही रडून म्हणत होते की पुढच्या रांगेतला एक म्हातारा डोळे पुसायला लागला. मास्तर पांढरी एक इतक्या जोरात दाबत होते की तीही मुकी होते की काय असं वाटलं. मनोहरपंत उठून उभे राहिले. माझे पक्षी संपले. आता जनावरं. मी वाघाचे पाय धरले. "हे वनराजा," मी म्हटलं, "तू तरी..."

आणि भोंगा झाला.

मंडप थांबला. उभे राहिलेले मनोहरपंत, पाहुणे असले तरी रीत ओळखून, उभेच थांबले. विंगेत दादासाहेब थांबले, मास्तरांची बोटं पट्ट्यांवर थांबली. मी डोळे मिटले, भोंग्यातून केसभर खाली उतरले, तिथे सा धरला आणि पद सुरू केलं. *बोल गे वनराई, राजा कुठे गेला.* पहिली ओळ कुणालाच ऐकू गेली नसेल. ती माझी मलाच होती. दोन सीझननंतर घराचं दार उघडावं आणि आत सगळं जिथल्या तिथे असावं, तसं झालं.

भोंगा विरत गेला आणि त्याच्या जागी माझा आवाज उरला.

मास्तरांनी पांढऱ्यांवर चाचपून पाहिलं. इकडे शोधलं, तिकडे शोधलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले. पेटी बंद झाली. दादासाहेब विंगेतून हातवारे करत होते, पण भोंग्यात सुरू झालेलं पद थांबवायचं कसं याची गावात काही रीत पडलेली नव्हती. मी ध्रुवपद घोळवत राहिले. मागे ठक् झालं. पुन्हा ठक्, ठक्. दस्तगीरभाईंची हातोडी. मग त्यांनी बोट मारलं आणि तबला माझ्या मध्यमावर खणखणीत बोलला. ते समेवर आले आणि हसले. पुढच्या सालचं बोलावणं त्यांनी त्या समेवर सोडलं होतं.

मी वरचा षड्ज लावला तेव्हा मनोहरपंत खाली बसले. काठी मांडीवर आडवी.

पद संपलं. आणि मग वरून, माडीवरून, चिकाच्या पडद्याआडून आरोळी आली.

"वन्स मोअर!"

बाईचा आवाज.

वन्स मोअर हे बाप्यांचं काम. कारंदगावात बाईला मंडपात खोकला आला तरी ती पदर तोंडाशी धरायची. सगळी डोकी एकदम माडीकडे वळली. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीनं चरकल्यासारखं झालं. त्या आरोळीतला 'मो' लांबला होता, आणि तो माझ्या सा'वर होता. नेमका. ओरडताना कुणी सुरात ओरडत नाही.

मग कनातीपलीकडून दुसरी बाई ओरडली, तिसरी, आणि मग ती कनातच हलायला लागली. बाप्यांनी जरा वेळ एकमेकांकडे पाहिलं आणि आपण मागे पडू नये म्हणून तेही सुरू झाले. मी पद पुन्हा म्हटलं. म्हणताना विंगेत नजर गेली. दादासाहेब रंगवलेल्या झाडाला हात टेकून उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते. माडीकडे बघत होते. मी म्हटलं, झालं, आता उद्या यांच्या घरात कुणाची तरी खैर नाही, आणि माझी तर आजच नाही.

पण ते नुसतेच आले आणि आपलं पद बोलून टाकलं. गायलेच नाहीत. तबला चढलेला, पेटी गप्प, आणि राजा कुठेतरी हरवलेला. शेवटी भरतवाक्याला आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. मी काळी चारमध्ये भैरवी म्हटली, चारही कोमल सुरांसकट, आणि दादासाहेब हात जोडून ओठ मिटून उभे राहिले. मंडप सुटताना तो डोळे पुसणारा म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "बाईंचं समदं ग्वाड. पर भैरवी चुकली."

सकाळी ओवरीत मनोहरपंत चहा घेत बसले होते. मला समोर बसवलं.

"आवाज आहे," ते म्हणाले. "हट्टही आहे. आमच्या नायकाची पांढरी दोन, माहीत आहे ना?"

"माझी काळी चार."

"हट्ट आहे म्हटलं ना मी." त्यांनी तपकीर ओढली. "मंडळी चालवायला लागल्यापासून बायकांनी वन्स मोअर दिलेला मी पाहिला नव्हता. बाप्या नाटकाला आला की एकटा येतो. बाई आली की घर येतं. तेव्हा तुम्हाला घ्यावं असं म्हणतो. पट्टीचं पुढे बघू."

"पुढे बघू नाही. काळी चार."

ते अक्काकडे वळले. "ही नेहमी अशीच असते?"

"छे," अक्का पान जमवत म्हणाली, "लहानपणी फार वाईट होती."

मनोहरपंतांनी कप खाली ठेवला. मला आठवतं, त्यांनी तो ठेवायला फार वेळ घेतला. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बारा गावं गेलीच होती, पुणं-मुंबईही गेली असती आणि मी मिरजेत पोरींना सारेगम शिकवत बसले असते.

"बरं, काळी चार," ते म्हणाले. "पण नायकाला मी काय सांगू?"

"सांगा, उंदीर."

ते हसले ते ठसका लागेपर्यंत.

यष्टीची वेळ झाली आणि खराड्यांकडची मोलकरीण निरोप घेऊन आली. "वैनीसाब बोलवत्यात. साडीचोळी करायचीय." अक्का म्हणाली, मी येते. मोलकरीण म्हणाली, "एकल्या बाईस्नीच बलवलंय."

माडीवर सतरंजी घातली होती. दादासाहेबांच्या पत्नी, सुमित्राबाई, पंचेचाळिशीच्या असतील. गोऱ्या, शांत, नऊवारीचा पदर कपाळापर्यंत. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. अंबाड्याकडे पाहिलं.

"तो आकडा माझा आहे," त्या म्हणाल्या.

आवाज ऐकला आणि मी खालीच बसले. तोच 'मो'.

"काल तुम्ही ओरडलात."

"ओरडले नाही. मागितलं." त्यांनी हात पुढे केला. मी आकडा काढून दिला. त्यांनी वाकडं टोक अंगठ्यानं चाचपलं. "पातीच्या टोकाला खाच असते. तिच्यात हे अडकवून ओढलं की सूर बाहेर येतो. पेटी माझी आहे. वडिलांनी लग्नात दिलेली. या माडीवर रोज पहाटे मी गात असे. काळी चार."

मी सुटलेला अंबाडा पुन्हा बांधला.

"ह्यांना नाटकाचं वेड लागलं तेव्हा ह्यांनी ती देवाला दिली. मला न विचारता. पेटी मंडपात गेली, मला काही मंडपात जाता येईना. मग एक दिवस दर्शनाला गेले आणि म्हटलं, पेटी घ्या, माझी पट्टी नाही मिळायची."

"पण सगळ्या काळ्या का काढल्यात?"

"नुसती काळी चार काढली असती तर ह्यांनी ओळखलं असतं. सगळ्या काढल्या, तर उंदीर."

माझ्या दोन रकान्यांत या बाईला कुठे लिहावं ते कळेना. सहा वर्षं माझ्यासारख्या कितीजणी दादासाहेबांच्या नावानं बोटं मोडत होत्या.

"तुम्हा नट्यांचा मला राग होता," त्या सरळ म्हणाल्या. "माझ्या पेटीवर, माझ्या नवऱ्यासमोर उभ्या राहून गाणाऱ्या. वाटायचं, गा की, गा, बेडकासारख्या. दर साल इथे बसून ऐकायची. बरं वाटायचं. काल तुम्ही पेटी सोडूनच गायलात. मग मी आपली काय राखत बसले होते?"

"दादासाहेब काय म्हणाले?"

"रात्रभर काही नाही. सहा वर्षांत माझा गातानाचा सूर ऐकलाच नव्हता ना." त्या पहिल्यांदा जराशा हसल्या. "पहाटे विचारलं, 'भैरवी खरंच अशी असती?' म्हटलं, अशीच असते. मग म्हणाले, 'मग मी एवढी वर्षं काय गात होतो?'"

त्यांनी साडी दिली, खण दिला, नारळ दिला, आणि वर एक पितळी करंडा ठेवला. मोठा, कुंकवाचा. उघडला तर आत तेल लावून फडक्यात गुंडाळलेल्या पिवळ्या पाती. एकीवरही हिरवट डाग नव्हता.

"हे घेऊन जा."

"पेटीत परत बसवा की. आता दादासाहेबच बसवतील."

"ती पेटी आता ह्यांच्या गळ्याची झाली. राहू दे तशीच. तुम्हाला पुण्या-मुंबईला पेटी लागेल, तिच्यात बसवून घ्या." मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "एक कमी आहे त्यात."

"कुठली?"

"मधल्या सप्तकातली काळी चार. ती देत नाही. पहाटे ओठांशी धरून फुंकली की सा मिळेल."

खाली यष्टीनं हॉर्न दिला होता आणि अक्का माझ्या नावानं हाका मारत होती. गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत मी माडीकडे बघत होते. चिकाचा पडदा वर गुंडाळलेला होता.

मनोहरपंतांकडे मी अठरा वर्षं गायले, नंतर स्वतःची मंडळी काढून आणखी पंधरा. तीन नायक आले आणि गेले. ते कुठल्याही पट्टीत गावोत, मी काळी चारमध्येच गायले. पहिल्याच वर्षी मिरजेच्या कारागिराकडून स्वतःची पेटी बांधून घेतली आणि कारंदगावच्या पाती तिच्यात बसवल्या. एक खण रिकामा ठेवायला सांगितलं तेव्हा त्यानं मला वेड्यात काढलं. नवी पाती दोन रुपयांची होती. तो म्हणाला, बाई, तुमचा सा'च मुका ठेवून तुम्ही गाणार कशा?

गायले तशीच. साथीला बसणारे पेटीवाले पहिल्या दिवशी ती पट्टी दाबतात, आवाज येत नाही, चमकून माझ्याकडे बघतात. हरवली का बाई, विचारतात.

मी सांगते, हरवली नाही. कारंदगावला आहे, वापरात आहे.